चौथा रकाना

"ल्हिवा की मास्तर. मला काय घाई न्हाई. मी बसते हितं."

असं म्हणून सोजरबाई झांबरे बाकावर बसल्या. बसण्याआधी त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला होता. कानिटकरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि कागद उलगडला. डॉक्टरने दिलेला मृत्यूचा दाखला होता. बजरंग जयसिंग झांबरे, वय चोवीस, राहणार हडपसर. वीस मार्चची तारीख. कारण, हृदयक्रिया बंद पडणे.

"अहो, पण मी पाच मार्चला येऊन गेलो होतो तुमच्याकडे," कानिटकर म्हणाले. "ओट्यावर बसला होता. चांगला बोलला माझ्याशी."

"व्हय. चांगला हुता. तवा दीड वरीस हात लावला नव्हता त्यानं. मंग पंधरा दिसांनी मंडईमागल्या संडासात गावला. दंडात सुई तशीच. भावजींनी ती काढून नाल्यात टाकली, आन मंग डागदराला बोलावलं." बाईंचा आवाज हलला नाही. बहुधा महिनाभरात तो हलून हलून थकला असावा. "डागदर म्हनला, हार्ट. भावजी म्हनले, हार्टच. गावाला जेवान घातलं तवा समद्यांनी म्हनलं, एवढ्या कवळ्या वयात हार्ट, काय जमाना आला. मी गप."

सोजरबाईंचे हे भावजी म्हणजे धाकटे दीर हिंदुराव झांबरे. पुढच्या महापालिका निवडणुकीला ते उभे राहणार होते आणि उमेदवाराच्या घरात गर्दुल्ला असून चालत नाही. हार्ट असलेलं चालतं.

"मंग मी एकलीच चौकीवर गेले. त्यास्नी म्हनलं, शाळंच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी इकत्यात. समद्यास्नी ठावं हाय, कोन इकतो ते. एकदा येऊन बगा. तर सायेब काय म्हनला? बाई, तुमच्या भागात गर्दनं मेल्याला एक बी मानूस कागदावर न्हाई. कागदावर दाखवा, मंग बगू." त्यांनी टेबलावरच्या जाड रजिस्टरकडे बोट केलं. "म्हून आले. तुमीच म्हनला व्हता, हितं ल्हिवलं की दिल्लीला जातं. मंग ल्हिवा, बजरंग गर्दनं मेला."

खालच्या मजल्यावर तांबट पातेल्यांवर हातोड्या मारत होते. कसब्यातल्या या इमारतीत खाली दिवसभर ती ठोकाठोक आणि वर पंधरा खाटांचं व्यसनमुक्ती केंद्र. गर्द सोडताना ज्यांची हाडं ठणकत असतात अशा माणसांसाठी ही जागा कोणी शोधली, हा प्रश्न कानिटकरांना पहिल्या दिवसापासून पडला होता. आता तो आवाज त्यांना ऐकूही येत नसे, पण त्या दिवशी आला.

"लिहितो," ते म्हणाले.

आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. बजरंगचं पान काढलं. मग त्यांच्या लक्षात आलं की लिहायला जागाच नाही.

*

यज्ञेश्वर कानिटकर हे कोणाच्या लक्षात राहावेत असे गृहस्थ नव्हते. पंचवीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी केली, कारखाना बंद पडला, आणि बावन्नाव्या वर्षी ते या केंद्रात लिपिक म्हणून चिकटले. अक्षर मोत्यासारखं आणि डोकं स्टोअरकीपरचं. आलेली वस्तू लिहायची, गेलेली वस्तू लिहायची, आणि शिल्लक जुळली पाहिजे. इथे वस्तूंच्या जागी माणसं होती एवढाच फरक.

केंद्राला अनुदान दिल्लीहून यायचं आणि त्याबदल्यात दिल्लीला माहिती जायची. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म. काय घेतो, कधीपासून, कोणी शिकवलं, कुठे मिळतं. रुग्ण घरी गेला की पुढची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी त्याचा पाठपुरावा. त्या तक्त्यात तीन रकाने होते. व्यसनमुक्त, पुन्हा व्यसनाधीन आणि संपर्क तुटला. देशभरातल्या शेकडो केंद्रांतून असे तक्ते दिल्लीला जात, तिथे त्यांची बेरीज होई, आणि कुठल्या शहरात काय चाललंय ते सरकारला कळे. निदान कानिटकरांची तशी समजूत होती.

चौसष्ट प्रश्नांना उत्तरं द्यायला कोणी तयार नसे. आया पदर तोंडाला लावून बसत, बाप भिंतीकडे बघत. तेव्हा कानिटकर पेन खाली ठेवून एक छोटं भाषण करीत. "हे बघा, तुमचं नाव कुठेही जाणार नाही. पण तुमचं एकेक उत्तर दिल्लीला जातं. पोलीस कुठे वाढवायचे, औषध कुठे पाठवायचं, खाटा कुठे द्यायच्या, ते त्यावरून ठरतं. तुमच्यामुळे दुसऱ्या कोणाचा मुलगा वाचेल." हे ते मनापासून म्हणत. चार वर्षांत काही शे वेळा म्हणाले असतील आणि प्रत्येक वेळी त्यांना स्वतःलाच थोडं बरं वाटे.

घरी, नारायण पेठेत, त्यांची बायको कुसुम त्यावरून त्यांची खेचायची. "आज भाजी कसली करू?" "कर कसलीही." "नाही, म्हटलं दिल्लीला कळवायचं असेल."

पण त्यांचा खरा अभिमान होता तो तिसऱ्या रकान्याचा. "संपर्क तुटला" या रकान्यात इतर केंद्रांची निम्मी माणसं जाऊन पडत. पुण्याच्या या केंद्राची दोन-तीन. कारण कानिटकर मंगळवारी आणि शुक्रवारी सायकल काढून स्वतः घरोघर जात. आणि जाताना कधीही खरं सांगत नसत. पेठांमध्ये दार वाजवून मोठ्याने म्हणत, "वाचनालयातून आलोय हो! पुस्तक परत करायचं राहिलंय तुमच्याकडे!" शेजारच्या खिडक्या ऐकत असत, त्यांच्यासाठी हे बोलणं. आतून उत्तर येई, "हो हो, या ना, देतोच." मग आत जाऊन हळू आवाजात खरी चौकशी. ही युक्ती त्यांची स्वतःची. एकदा सदाशिव पेठेत एका आजोबांनी खरंच एक पुस्तक आणून हातात दिलं होतं, तेही वाळवी लागलेलं.

हडपसरच्या झांबरे आळीत वाचनालयाचं सोंग चाललं नसतं. तिथे ते "बाहेरून दहावीला बसवणारे मास्तर" झाले. बजरंग नववीतून शाळा सोडलेला. घरची जमीन बिल्डरच्या स्कीममध्ये गेली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. शेत गेलं, काम गेलं, मोटारसायकल आली, आणि मग टाकीपाशी बसणारे मित्र आले. आळीत कोणाला शंका येऊ नये म्हणून कानिटकर ओट्यावरच मोठ्याने विचारत, "काय बजरंगराव, अभ्यास कुठवर आलाय?"

पाच मार्चला बजरंगने त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडलं होतं. चालता चालता म्हणाला, "काका, खरंच बसवता का वो परीक्षेला? का उगं आपलं म्हनायचं म्हनून?"

"बसता येतं की. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असतो."

"मंग आना की. बगतो भरून."

"आणतो पुढच्या खेपेला," कानिटकर म्हणाले होते. शिक्षण मंडळाचं ऑफिस त्यांच्या सायकलच्या रस्त्यावर होतं. पण पुढची खेप जूनमध्ये, घाई काय, म्हणून ते आत गेले नाहीत. चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म त्यांनी बजरंगसाठी भरला, हा एक फॉर्म तेवढा राहिला.

*

रकाने तीन होते. स्टोअरमध्ये मोडलेल्या वस्तूंसाठीसुद्धा वेगळा रकाना असतो, आणि इथे मेलेल्या माणसासाठी नव्हता. आधीच्या चार वर्षांत असे सहाजण गेले होते. त्यांना कानिटकरांनी "संपर्क तुटला"मध्ये टाकलं होतं. खोटं तर नाही ना, असं म्हणून. पण आज समोर आई बसली होती आणि तिच्यादेखत ते लिहायला त्यांचा हात होईना.

त्यांनी फूटपट्टी घेतली. लाल पेनने तक्त्याच्या उजव्या बाजूला, समासात, एक रेघ ओढली. वर लिहिलं, "मृत". खाली बजरंगच्या ओळीत खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, "गर्द टोचून घेतल्याने. आईचे निवेदन." मग तो सगळा मजकूर सोजरबाईंना वाचून दाखवला.

"गेलं का दिल्लीला?"

"जूनच्या तक्त्याबरोबर जाईल."

बाईंनी रजिस्टरला हात लावून तो कपाळाला लावला आणि त्या जिना उतरून गेल्या.

जूनचा तक्ता पंधरा दिवसांत परत आला. सोबत पत्र होतं. नमुन्यात कोणताही बदल करू नये. अधिकचा रकाना ग्राह्य धरता येत नाही, कारण माहिती आता संगणकावर भरली जाते. जे रुग्ण सध्या अमली पदार्थांचे सेवन करीत नाहीत त्यांची नोंद पहिल्या रकान्यात घ्यावी. आठ तिमाह्या पूर्ण होईपर्यंत कोणत्याही रुग्णाचे नाव वगळू नये.

कानिटकर ते पत्र घेऊन डॉक्टर नीरजा बर्व्यांकडे गेले. केंद्र त्याच चालवत होत्या. बाई वाईट नव्हत्या. बारा वर्षं तुटपुंज्या अनुदानावर पंधरा खाटा चालवायच्या म्हणजे माणूस जेवढा कोरडा होतो तेवढ्या त्या झाल्या होत्या.

"कानिटकर, पत्र स्पष्ट आहे."

"मॅडम, तो मेलाय."

"मला माहितीये. वाईट झालं." त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. "पण मला सांगा, तो सध्या घेतोय का?"

कानिटकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मी चेष्टा नाही करत. व्याख्या बघा त्यांची. सध्या सेवन करत नाही, तर पहिला रकाना."

"मग निदान तिसऱ्यात टाकू. आधीच्यांना टाकलं तसं."

"संपर्क कुठे तुटलाय? आई स्वतः येऊन गेली ना? आणि आपलं नाव या वर्षी वर गेलंय, तुमच्यामुळेच. दुसरी खोली मंजूर व्हायच्या बेतात आहे. आणखी दहा खाटा. एका मेलेल्या मुलासाठी दहा जिवंत माणसांना जिन्यावर झोपवू का मी? तुम्ही सांगा, मी तसं करते."

कानिटकरांनी पत्राची घडी घातली. ते जागेवर आले. नवा तक्ता घेतला आणि बजरंग जयसिंग झांबरे या नावापुढे, पहिल्या रकान्यात, सुबक अक्षरात बरोबरची खूण केली. मेल्यानंतर तीन महिन्यांनी बजरंग सरकारी कागदावर निर्व्यसनी होता.

सप्टेंबरमध्ये त्यांनी ती खूण पुन्हा केली. या वेळी हात अडला नाही. नेमकं हेच त्यांना रात्री जेवताना आठवलं आणि हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. कुसुमने विचारलं तर त्यांनी सगळं सांगितलं. एरवी ती काहीतरी टोला मारायची. आज तिने नुसतं ताट उचललं.

"त्या बाईला सांगितलंत का?" तिने मोरीपाशी जाऊन विचारलं.

"नाही."

"मग कसली नोकरी करता तुम्ही?"

*

दोन ऑक्टोबरला दरवर्षी कार्यक्रम असे. ज्यांची दोन वर्षं पुरी झाली आणि आठव्या तिमाहीला जे पहिल्या रकान्यात आहेत, त्यांना दिल्लीचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रं छापील यायची, राजमुद्रेसह, खाली अधिकाऱ्याची छापील सही. नाव, व्यसनाचा प्रकार आणि तारीख एवढं हाताने भरायचं, आणि ते काम ज्याचं अक्षर चांगलं त्याचं.

त्या वर्षी अकरा प्रमाणपत्रं होती. अकरावं बजरंगचं. त्याची आठवी तिमाही तीस सप्टेंबरला पुरी होत होती. कानिटकरांनी दहा लिहिली आणि पेन ठेवून दिलं. मग एक प्रमाणपत्र कोरं उरलंय हे डॉक्टरांच्या लक्षात आलं तर बोलणी बसतील म्हणून पुन्हा उचललं. श्री. बजरंग जयसिंग झांबरे. व्यसनाचा प्रकार, गर्द. दोन वर्षे पूर्णतः व्यसनमुक्त राहिल्याबद्दल अभिनंदन. लिहून झाल्यावर त्यांनी ते आपल्या शबनम पिशवीत सरकवलं. यादीत नाव राहिलं तर राहू दे, कोणी उठलं नाही की निवेदक पुढचं नाव घेईल, असा त्यांचा हिशोब होता.

पण निमंत्रणाची कार्डं सगळ्या अकरा पत्त्यांवर गेली होती. ती टपालात टाकण्याचं काम दुसऱ्याकडे होतं आणि कानिटकरांना हे सुचलंच नाही. चार वर्षं ज्याने एकही पत्ता निसटू दिला नाही, त्याला हा पत्ता अडवायचं सुचलं नाही.

सभागृह छोटं होतं, अर्धं रिकामं. दिल्लीहून आलेले अधिकारी मधल्या खुर्चीवर होते. त्यांनी भाषणात आकडे सांगितले. पुण्याच्या या केंद्राचा पाठपुरावा देशात आदर्श आहे, इथे संपर्क तुटलेला या वर्षी एकही नाही. टाळ्या झाल्या. डॉक्टर नीरजांनी कानिटकरांना उभं राहायला खूण केली. ते उभे राहिले, बसले.

मग नावं पुकारली जाऊ लागली. कानिटकर स्टेजच्या कडेला टेबलापाशी उभे राहून एकेक प्रमाणपत्र पुढे करत होते. दहा झाली.

"बजरंग जयसिंग झांबरे."

कोणी उठलं नाही. निवेदकाने पुन्हा नाव घेतलं. तेव्हा शेवटच्या रांगेतून सोजरबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मधल्या वाटेने हळूहळू पुढे आल्या. त्यांनी कार्ड कोणाकडून तरी वाचून घेतलं असणार. बजरंगच्या नावाने दिल्लीचा माणूस कागद देणार आहे, एवढं त्यांना कळलं होतं. आपण सांगितलं ते पोहोचलं, असंच त्यांना वाटलं होतं. चेहऱ्यावर ते दिसत होतं, आणि ते बघणं कानिटकरांना सोसलं नाही.

अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. टेबल रिकामं होतं. सगळे कानिटकरांकडे बघू लागले. त्यांनी शबनममध्ये हात घातला आणि प्रमाणपत्र काढून दिलं.

"बेटा नहीं आया?" अधिकाऱ्यांनी हसून विचारलं.

"न्हाई."

"काम पे होगा. बहुत अच्छा." फोटो निघाला. टाळ्या झाल्या. सोजरबाईंनी कागद दोन्ही हातांत धरला आणि कानिटकरांना नमस्कार केला.

*

आठ दिवसांनी सोजरबाई केंद्रावर आल्या. या वेळी बसल्या नाहीत. प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. त्याच्या कडा आता मळल्या होत्या.

"मास्तर, हे तुमचंच अक्षर हाय न्हवं?"

कानिटकरांनी मान हलवली.

"मला वाचाया येत न्हाई. पन तुमी ते मोठं फारम भरत व्हता तवा मी समोरच बसल्याली. तुमचा हात वळखती मी." त्यांनी बोट कागदावर टेकवलं. "चौकीवर नेला. म्हनलं, घ्या, दिल्लीचा कागद हाय, गर्द म्हून ल्हिवलंय. सायबानं वाचला. म्हनला, बाई, ह्यात तर तुमचं पोरगं सुटलं म्हून ल्हिवलंय. सरकारच सांगतंय. मंग गर्दनं कसं मरंल? घरी आले. भावजींनी वाचला. लई खूश झाले. म्हनले, बगा वैनी, मी म्हनत नव्हतो? हार्टच. आता काचंत लावायचा म्हनत्यात, बैठकीत."

"सोजरबाई..."

"माझी जाऊबाय काय म्हनली, सांगू? पास झाल्यावर देत्यात तसलाच दिसतोय. पोराला परीक्षेची लई हौस व्हती ना." त्यांनी कागद पुढे सरकवला. "म्या तुमास्नी काय सांगितलं व्हतं आन तुमी काय ल्हिवलं?"

खाली ठोकाठोक चालूच होती. कानिटकरांच्या मनात पुष्कळ काही येऊन गेलं. दिल्लीचं पत्र, संगणक, व्याख्या, दहा खाटा. पण समोरच्या बाईला यातलं एकही वाक्य सांगता येण्यासारखं नव्हतं. खरं म्हणजे कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. मेलेल्या पोराच्या नावापुढे दोनदा खूण केली होती ती दिल्लीने नाही, नारायण पेठेतल्या यज्ञेश्वर कानिटकरांनी केली होती.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "मी खोटं लिहिलं."



कानिटकरांनी प्रमाणपत्र आपल्याकडे ओढलं. शाईचं पेन काढलं. बॉलपेन नाही, शाईचंच. राजमुद्रेच्या खाली, छापील सहीच्या शेजारी जी कोरी जागा होती, तिथे ते लिहू लागले. डॉक्टर नीरजा काही विचारायला बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"कानिटकर! ते सरकारी प्रमाणपत्र आहे."

"माहीत आहे. मीच लिहिलंय."

"असं खाडाखोड केलेलं परत कोणी बघितलं तर अनुदान जाईल आपलं. काय करताय काय तुम्ही?"

"खाडाखोड नाही, मॅडम. पुरवणी नोंद. स्टोअरमध्ये चुकीची नोंद झाली की खोडत नाहीत. खाली नवी लिहितात आणि सही करतात."

त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. डॉक्टरांनी सोजरबाईंकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका," आणि आत गेल्या. आवाज रागाचा नव्हता. दार मात्र त्यांनी लावून घेतलं.

कानिटकरांनी शेवटची ओळ पुरी केली, सही केली, तारीख टाकली. सहीखाली कंसात लिपिक असं लिहिलं. केंद्राचा गोल शिक्का पॅडवर दाबून शेजारी उमटवला.

"वाचा," सोजरबाई म्हणाल्या.

"बजरंग जयसिंग झांबरे हा दिनांक वीस मार्च दोन हजार रोजी हडपसर येथे गर्द टोचून घेतल्याने मरण पावला. त्याआधी दीड वर्ष त्याने गर्द सोडले होते. जून आणि सप्टेंबरमध्ये त्याची नोंद व्यसनमुक्त म्हणून मी केली. ती खोटी आहे. त्याला दहावीच्या परीक्षेला बसायचे होते."

"परत वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. ओठ हलवत बाई शब्द पाठ करत होत्या.

"चौकीवाला मानंल का ह्ये?"

"अवघड आहे. लिपिकाच्या सहीला कोण विचारतो?"

"आन दिल्लीला? दिल्लीला कळंल?"

चार वर्षं आणि काही शे आयाबाप. प्रत्येकाला त्यांनी हो म्हटलं होतं.

"नाही," कानिटकर म्हणाले. "दिल्लीला कळणार नाही."

सोजरबाईंनी मान डोलावली. प्रमाणपत्राची घडी घालायला त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. शाई अजून ओली होती. मग त्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि शाई वाळेपर्यंत थांबल्या.